कारणाचा रकाना

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. लहानपणी गावात कुणी रात्रभर एकट्याने बडबडत बसलं, कपड्यांचं भान न ठेवता हिंडलं किंवा नुसतं दिवसच्या दिवस गप्प राहिलं, की मोठी माणसं म्हणत, "ह्याला आता रत्नागिरीला न्यायला हवं." रत्नागिरीला बंदर होतं, बाजार होता, कलेक्टर कचेरी होती, पण त्या वाक्यातल्या रत्नागिरीचा अर्थ एकच होता. पुढे मी मानसशास्त्र शिकले, त्याच शहरात ते शिकवायला लागले आणि त्या एका अर्थाच्या मागे लागून जुने अहवाल वाचू लागले. हे पुस्तक त्या वाचनातून आलं. म्हणून झोप, स्वप्न, तंद्री, अंगात येणं आणि नशा यांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी एका इस्पितळापासून सुरू करते आहे.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 सालचं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं तेही त्याच वर्षी. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मुंबईहून यायचं तर बोटीने: नजरेआड ठेवायच्या माणसांसाठी हे गाव सोयीचं वाटलं असणार. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांत 365 खाटांचं रत्नागिरीचं सर्वांत लहान. इमारतीचा इतिहास मी इथे सांगणार नाही. मला सांगायचं आहे ते त्या काळच्या सगळ्याच वेड्यांच्या इस्पितळांत भरल्या जाणाऱ्या एका कागदाबद्दल.

रुग्ण बहुतेकदा पोलीस घेऊन येत. सोबत एक वर्णनपत्र असे. नाव, वय, जात, धंदा, आणि शेवटाकडे एक रकाना: वेडाचं कारण. शिपायाला हे कारण कुठून कळणार? माणूस रस्त्यावर सापडलेला, नातेवाईक दूर किंवा नाहीतच. पण रकाना कोरा ठेवला तर वरिष्ठ विचारणार. मग चौकशी व्हायची, हा गांजा ओढायचा का? कुणीतरी हो म्हणायचं. कारणाच्या रकान्यात 'गांजा' लिहिलं जायचं, आणि इस्पितळाच्या नोंदवहीत तेच उतरवलं जायचं. वर्षाअखेरीस त्या नोंदींची बेरीज होऊन सरकारी तक्ता निघायचा. तक्त्यावरून इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजामुळे भरली आहेत हे खरं का.

त्यावर 1893 साली सरकारने भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. आयोगाने 1,193 साक्षी नोंदवल्या आणि 1894 मध्ये काही खंडांचा अहवाल दिला. त्याचं मोठं काम मला वाटतं ते असं की त्याने तक्त्यावर विश्वास ठेवला नाही. 1892 या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत 1,344 रुग्ण दाखल झाले होते, त्यांतल्या 222 जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण होतं. आयोगाने ही 222 प्रकरणं एकेक करून उघडली. घरी, गावी माणसं पाठवून विचारपूस केली. शेवटी जिथे त्या द्रव्याचा काही हात असेल असं म्हणता येईल अशी 98 प्रकरणं उरली, आणि केवळ त्याच द्रव्याकडे बोट दाखवता येईल अशी 61. बाकीच्यांत कुणाच्या घराण्यात आजार होता, कुणाला फेफरं होतं, कुणी वेड लागल्यानंतर गांजा ओढायला लागला होता.

शेवटच्या प्रकारापाशी मी बराच वेळ थांबले होते. मन बिघडलं, झोप गेली, डोक्यातला गलका थांबेना, म्हणून माणूस चिलमीकडे गेला. आणि कागदावर मात्र चिलीम आधी आणि मन नंतर.

असा एक कागद मी माझ्या घरातही पाहिला आहे.

माझे वडील 1955 साली गिरणीत लागले. त्या वेळी सिंधुदुर्गही रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि मुंबईच्या गिरण्यांना जितकी माणसं या एका जिल्ह्याने पुरवली तितकी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने क्वचितच पुरवली असतील. वडील लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीत राहत. खोली एक, माणसं वीस-बावीस. सगळी एका वेळी झोपली असती तर अंग टेकायला जागा पुरली नसती, पण तशी वेळच येत नसे. पहिल्या पाळीची माणसं उठून गेली की रातपाळीची त्याच जागेवर आडवी व्हायची. वळकटी प्रत्येकाची वेगळी, जमीन तीच. पाळ्या फिरत्या, महिनाभर मध्यरात्रीची, मग दुपारची, मग सकाळची. 1982 चा संप झाला, पुढच्या वर्षी वडील कायमचे गावी आले. मला ते घरात सलग राहिलेले प्रथमच दिसले. दिवसा ओटीवर बसल्या बसल्या डुलक्या, आणि रात्री दोन-अडीचला खळ्यात येरझाऱ्या. "नीज येत नाय गो बाय," एवढंच म्हणायचे. भोंगा बंद होऊन वर्ष उलटलं तरी त्यांना पहाटे तो ऐकू यायचा. मग संध्याकाळी थोडी घ्यायला लागले. थोडीने झोप लागायची, पण पहाटे तीनला जाग यायची. तेव्हा आणखी थोडी. दोन वर्षांत घरात भांडणं सुरू झाली. चुलत्यांनी त्यांना मुंबईला एका दवाखान्यात नेलं. परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत केसपेपर होता. कारणाच्या ओळीत एकच शब्द होता: दारू. सत्तावीस वर्षांची फिरती पाळी त्या कागदावर कुठेच नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

या पुस्तकात मी जे म्हणते आहे ते इतकंच आहे: आपण ज्याला नशेचा प्रश्न म्हणतो तो फार वेळा झोपेचा प्रश्न असतो, आणि झोपेचा प्रश्न फार वेळा कामाचा, घराचा, भीतीचा प्रश्न असतो. कारण लिहिण्याआधी रात्र कशी गेली ते विचारायला हवं.

गिरणगावाचंच आणखी एक उदाहरण देते, कारण ते मला सर्वांत जड गेलं. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत सूर्य मावळला की यंत्रं थांबायची. दिव्यांनंतर काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. 1911 च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घालावी लागली ती त्यामुळे. बायकाही गिरणीत होत्या, त्यांची तान्ही मुलं चाळीत. 1922 साली डॉ. बार्न्स यांनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा त्यांनी लिहिलं की या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. बाळागोळी म्हणून ती मिळायची. गोळी चाटवली की मूल कामाच्या वेळात झोपून राहायचं, आणि आई रात्री परतल्यावरही झोपायचं, म्हणजे आईलाही डोळा लागायचा. अफू श्वास मंदावते. लहान मुलांचा तर फारच. भूकही मारते. किती मुलं अशी खंगली असतील याचा विचार मी करू लागले की मला पुढे वाचवत नाही. या आयांना अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्या लोकांचं लेखन मी पुष्कळ वाचलं. मला त्यांच्यात माझ्या गावच्या बायका दिसतात. दिवसभर यंत्रापुढे उभी राहिलेली बाई, दहा बाय दहाची खोली, रडणारं मूल, आणि पहाटे पुन्हा भोंगा. अफू मुलाच्या तोंडात गेली, पण चोरीला गेलेली झोप आईची होती.

आता थोडं शास्त्राकडे वळते. सविस्तर पुढच्या प्रकरणांत येईलच. इथे फक्त पाया घालते.

झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणं अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांचीही होती. 1951 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून रात्रभर आलेख काढले. मूल गाढ झोपलेलं, पण ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलू लागायचे, आणि त्याच वेळी मेंदूचा आलेख जागेपणासारखा दिसायचा. असेरिन्स्की आणि त्याचे मार्गदर्शक नॅथनियल क्लाइटमन यांनी 1953 साली ते प्रसिद्ध केलं. त्या अवस्थेतून उठवलेली माणसं बहुतेकदा स्वप्न सांगतात. आता आपल्याला माहीत आहे की झोप सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त, उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त. स्वप्नाच्या वेळी हातापायांचे स्नायू मेंदूच्या खोडातून येणाऱ्या आज्ञेने शिथिल केलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावतो आणि अंथरुणात पडून राहतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायूंवरचं हे कुलूप थोडं उशिरा उघडतं. डोळे उघडे, खोली ओळखीची, पण हात हलत नाही, हाक फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. कोकणात अशा रात्रींवर किती गोष्टी रचल्या गेल्या ते इथल्या वाचकाला सांगायला नको. ती गोष्ट सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरोखर तसं झालेलं असतं, आणि दर वर्षी माझ्या वर्गात तसं झालेली मुलं निघतात. कुणाला सांगितलं नव्हतं म्हणतात.

झोप केव्हा यावी हे दोन गोष्टी ठरवतात. एक म्हणजे जागेपणाचं साठत जाणारं ओझं. मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य जागं असताना वाढत जातं आणि डोळे जड करतं. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंचे दोन जुडगे जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या लगेच वर वीसेक हजार पेशींचा एक ठिपका आहे. उजेडावरून तो वेळ जुळवतो. अशी घड्याळं पेशींच्या आत कशी चालतात हे शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. रातपाळीचा कामगार सकाळी आठला आडवा होतो तेव्हा ओझं पुरेसं असतं, पण घड्याळ म्हणत असतं, उठ. म्हणून दिवसाची झोप तोकडी आणि विटकी राहते. उलट पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान घड्याळ इतकं खाली गेलेलं असतं की नुसत्या इच्छाशक्तीवर जागं राहणं अवघड. गणपतीच्या आदल्या रात्री मुंबईहून निघालेली गाडी कशेडी घाटात येते ती नेमकी याच वेळेला. गाडी हाकणाऱ्याच्या गालात तंबाखू असते, पोटात दोन-तीन चहा. चहातलं कॅफिन अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. थकवा कमी होत नाही, त्याची सूचना तेवढी पोहोचत नाही. मागे झोपलेल्या पोराबाळांचा भरवसा त्या अडवलेल्या सूचनेवर असतो.

आपल्या भाषेने हे सगळं आधीच ओळखलेलं आहे असं मला शिकवताना नेहमी जाणवतं. मराठीत झोप 'लागते'. भूक लागते, तहान लागते तशी. तंद्री लागते, समाधी लागते, वेड लागतं, चटक लागते, सुपारीसुद्धा लागते. यांतलं काहीही मी करत नाही, मला होतं. नशा मात्र चढते आणि उतरते, ओझ्यासारखी किंवा तापासारखी. आणि देव अंगात येतो, म्हणजे तो बाहेरून येतो आणि जातो. पेंग, डुलकी, गुंगी, ग्लानी, धुंदी, झिंग, कैफ: प्रत्येक शब्दाची जागा वेगळी आहे, एकाच्या ठिकाणी दुसरा चालत नाही. पाठ्यपुस्तकांत यासाठी 'बदललेली बोधावस्था' असा शब्द आहे. तो मी आवश्यक तिथे वापरला आहे, पण जिथे घरातला शब्द नेमका होता तिथे तोच ठेवला.

मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या अशा चार अवस्था सांगितल्या, आणि त्या मराठीत संतांच्या तोंडून शेताच्या बांधापर्यंत पोहोचल्या. रत्नागिरीजवळच्या पावसला स्वामी स्वरूपानंद चाळीस वर्षं एका घरात राहून सोऽहम् साधना करत राहिले. अजून लोक तिथे जाऊन शांत बसतात. सुषुप्ती म्हणजे प्रयोगशाळेतली गाढ झोप, असं समीकरण मी मांडलेलं नाही, आणि ते मांडणाऱ्यांपासून वाचकाने जपून राहावं असं मला वाटतं. एक वर्णन आतून केलेलं आहे, एक बाहेरून. दोन्ही मोलाची आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रियांची यंत्रांनी मोजणी सुरू केली, तिथे या दोन वर्णनांची भेट व्हायला लागली. ती अजून पुरती झालेली नाही.

शिमग्याबद्दल एक प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त भीती वाटली. पालखी घरी येते, ढोल रात्रभर वाजतो, उपास आणि जागरण झालेलं असतं, आणि कुणाच्या तरी अंगात येतं. मी हे लहानपणापासून बघत आले. अंगात आलेल्या आमच्या वाडीतल्या एका काकूंना मी पुढे विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ढोल ऐकू येतो, मग लांब जातो, मग काय कळत नाय." तालाची सलग पुनरावृत्ती, जागरण, उपास, गर्दीची एकवटलेली अपेक्षा, यांनी अवधान आक्रसतं आणि 'मी'ची पकड सुटते हे मानसशास्त्र सांगू शकतं. पण त्याला आजार म्हणायचं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात याची नोंद आहे, आणि तिथे स्पष्ट अट आहे की ही अवस्था त्या समाजाच्या मान्य धार्मिक रीतीचा भाग असेल तर तिला विकार म्हणायचं नाही. नको असताना, पुन्हा पुन्हा, त्रास देत येत असेल तरच. काकूंना त्रास नव्हता. वर्षातून एकदा सगळी वाडी त्यांचं ऐकून घ्यायची. मात्र सासरी आल्यावर दर आठवड्याला अंगात येणारी, न जेवणारी, न झोपणारी मुलगी मी पाहिली आहे, आणि तिला देवळात बसवून ठेवणाऱ्यांवर मला राग आला होता. अजून आहे.

द्रव्यांकडे येते. मनावर परिणाम करणारी द्रव्यं म्हटलं की लोकांना गुन्हेगारी आठवते, मला आजीचा पानाचा डबा आठवतो. सुपारीत अॅरेकोलिन असतं. ते मज्जासंस्थेच्या संदेशवाहकाची नक्कल करतं. सवय नसलेल्याला सुपारी लागली की कान तापतात, घाम फुटतो, छातीत दाटतं, ते याच्यामुळे. त्याच सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो हेही आता पक्कं आहे. सकाळी चुलीजवळ बसून मिशरी लावणाऱ्या बायका नशा करतात असं कुणी म्हणत नाही; पण भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून मिनिटांत मेंदूपर्यंत जातं, आणि मिशरी मिळाली नाही तर डोकं धरतं, चीड येते. हे व्यसनच आहे, आणि पहाटे चारला उठून सगळ्यांच्या आधी कामाला लागणाऱ्या बायकांचं आहे. त्यांच्या झोपेचा हिशेब या पुस्तकात मी वेगळा मांडला आहे.

पुरणपोळीत, श्रीखंडात आपण जायफळ घालतो आणि जेवल्यावर जडावतो. ते जडावणं मुख्यतः पोळ्यांचं. पण जायफळ निरुपद्रवीही नाही. त्यात मिरिस्टिसिन आहे, आणि जास्त प्रमाणात ते माणसाला भ्रमिष्ट करतं, उलट्या आणि धडधड घेऊन. झेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किंजे याने 1829 मध्ये स्वतःवर तो अनुभव घेऊन लिहून ठेवला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही जायफळाची जात काढली, नारळी-पोफळीच्या सावलीत ती आता बागाबागांतून दिसते. धोतऱ्याला मात्र लागवड लागत नाही. तो शिवाला वाहायला परसात उगवलेलाच असतो. धोतऱ्याने येणारी अवस्था नशा नव्हेच, तो विषाने झालेला भ्रम आहे: तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, नसलेल्या माणसांशी बोलणं, आणि नंतर त्यातलं काहीच न आठवणं. ते जिवावरचं असतं.

सर्पगंधेची कथा मी पूर्ण प्रकरणभर सांगितली आहे, कारण ती आपल्या डोंगरातून निघून थेट मेंदूच्या रसायनशास्त्रात जाते. कोकण-घाटातल्या सावलीत वाढणारं हे हातभर झुडूप. बिहारकडे त्याच्या मुळ्या 'पागल की दवा' म्हणून विकल्या जात. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग लिहिला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. हे औषध मनोरुग्णांना शांत करायचं, पण काहींना खोल उदासीनतेत ढकलायचं, दुःस्वप्नं आणायचं. असं का? 1957 साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचलं, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. रेसरपिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता. एल-डोपाने तो भरला. कंपवाताचं औषध या वाटेने आलं, मनाच्या आजारांमागे रसायनं पाहण्याची दृष्टीही. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. रानातली सर्पगंधा तोवर इतकी उपटली गेली होती की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालावी लागली.

गांजाबाबत मी 1893 च्या आयोगाची बाजू मांडली, तेव्हा आजच्या मुलांना त्यातून परवानगी वाटू नये म्हणून इथेच सांगते. गांजातला मुख्य घटक 1964 मध्ये राफाएल मेशुलाम यांच्या चमूने इस्रायलमध्ये वेगळा केला. 1992 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने मेंदू स्वतः तयार करतो असं तशाच प्रकारचं द्रव्य शोधलं आणि त्याला संस्कृत 'आनंद' या शब्दावरून नाव दिलं. म्हणजे कुलूप आपल्याकडे आधीच आहे आणि त्याची किल्ली मेंदूच घडवतो. किशोरवयात, कुलुपं अजून बसत असताना, बाहेरची मोठी किल्ली रोज फिरवली तर काय होतं याचा पुरावा 1987 मध्ये स्वीडनमधल्या सैनिकभरतीच्या मुलांवरच्या अभ्यासापासून साठत आला आहे: ज्यांनी फार ओढला होता त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया जास्त आढळला. आयोगाने पाहिलेला गांजाही आजच्याइतका तीव्र नव्हता. आणि रोज ओढणारा जेव्हा थांबतो तेव्हा दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप उसळून येते. भयंकर स्वप्नं पडतात, आणि तो घाबरून पुन्हा चिलमीकडे जातो. पुन्हा झोपच.

दारूचंही तसंच, आणि हे मला वडिलांसाठी फार उशिरा कळलं. दारू झोप आणते आणि मोडते. पहिले काही तास गाढ, मग ती रक्तातून उतरली की मेंदू उलट्या बाजूला झुकतो. पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, छाती धडधडते. त्यांची पहाटे तीनची वेळ भोंग्याची होती असं आम्ही समजत होतो. ती संध्याकाळच्या पहिल्या घोटाचीही होती. महाराष्ट्रात आणि तेलंगणात ताडी-शिंदीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणं वारंवार पकडली जातात. हे एकोणिसाव्या शतकातलं झोपेचं औषध आहे. लोक 'तार' म्हणून पैसे मोजतात आणि हाती गुंगी पडते, कधी मरणही.

झोपेच्या गोळ्यांवर मी बंदीची भाषा केलेली नाही. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली त्यांचा उपयोग होतो. पण महिनोन्महिने निद्रानाश असेल तर गोळीच्या आधी वापरायचा उपाय वर्तनाचा आहे, आणि अमेरिकेतल्या वैद्यांच्या संघटनेने 2016 मध्ये तसंच सांगितलं. त्याचं मूळ मराठी क्रियापदातच आहे: झोप लागते, लावता येत नाही. झोपायचा प्रयत्न हाच जागेपणा असतो. म्हणून अंथरुणात जागं पडून राहायचं नाही, उठायची वेळ रोज तीच, दिवसा डुलकी नाही, आणि अंथरुणातला वेळ सुरुवातीला मुद्दाम कमी करायचा. पहिला आठवडा फार जड जातो. तिसऱ्या आठवड्यात माणूस सांगायला येतो.

वाचकाला एक विनंती. पहिल्या प्रकरणाआधी शंभर पानी वही घ्या आणि उशाशी ठेवा. आडवे किती वाजता झालात, अंदाजे डोळा केव्हा लागला, किती वेळा जाग आली, उठलात कधी, स्वप्न आठवतं का, दिवसात चहा, तंबाखू, सुपारी, गोळी, दारू काय आणि किती वाजता. घड्याळाकडे सारखं बघू नका, सकाळी अंदाजाने लिहा. रातपाळी असेल तर दिवसाची झोपही लिहा. पंधरा दिवस. शेवटी एक रकाना कारणाचा आखा आणि तो पंधरा दिवस कोरा ठेवा. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत मला गिरणीचं हजेरीकार्ड मिळालं. फिरत्या पाळीच्या तारखा त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. आमच्या घरातली ती पहिली झोपेची वही, आणि पहिलं प्रकरण तिच्यापासून सुरू होतं.